पन्नासचं भिंग आणि दहापर्यंतचं मौन

वहिनींनी वर्षभरात काढलेले फोटो वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबलावर मांडले, तेव्हा फोटोग्राफीच्या वर्गाचे मास्तर एकेक फोटो पाहत गेले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एक फोटो उचलला, उलटा केला आणि त्याची कोरी बाजू पाहिली, जणू चेहरा चुकून तिकडे छापला गेला असावा. मग अगदी हळू म्हणाले, "वहिनी, आपल्या गावात कोणाला पुढची बाजू नाही का हो?"

टेबलावर सगळ्या पाठी होत्या. शिडी खांद्यावर घेऊन निघालेल्या रंगाऱ्याची पाठ, बाकावर पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याची पाठ, दोन शाळकरी मुलींच्या पाठी आणि त्यांवरची दप्तरं. एका फोटोत घोडा होता, तोही निघून चालला होता. चौकटीला मात्र कोणी नावं ठेवली नसती. रस्त्याची कड कोपऱ्यातून निघून बरोबर माणसापाशी पोचत होती, ऊन जिथे पडायला हवं तिथेच पडलं होतं. फक्त ज्याच्यासाठी एवढी जमवाजमव, तो माणूस वहिनींकडे पाठ फिरवून आपल्या कामाला लागला होता.

वर्गातलं कोणीतरी "पाठराखीण" असं पुटपुटलं आणि बाकीचे हसले. वहिनीही हसल्या. ते हसू त्यांनी घरापर्यंत कसंबसं टिकवलं आणि दारात चपलांबरोबर काढून ठेवलं.

वहिनी म्हणजे नेमक्या कोणाच्या वहिनी, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. मूळचा दीर केव्हाच परगावी गेला, पण नाव इमारतीतच राहिलं. वरच्या मजल्यावरचे आजोबा त्यांना वहिनी म्हणत, आजोबांचा नातू वहिनी म्हणे, आणि वर्गात गेल्यावर मास्तरांनीही आढेवेढे न घेता तेच सुरू केलं. आवाज इतका मऊ, की त्यांनी दुकानात काही मागितलं तर दुकानदार आधी आपल्याच मागे वळून पाहायचा. स्वभाव नेमाचा. उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मौन, हा एक नेम. खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. पहिल्यामुळे दुसरा पाळणं फार सोपं जातं, असं त्या स्वतःच सांगत, अर्थात दहानंतर. मौन अगदी कडक होतं. चिठ्ठी लिहिणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं, तेव्हा चिठ्ठ्याही नाहीत. मान हलवणं आणि गरजेपुरत्या खुणा करणं, एवढी सूट देवाने दिली असावी असं त्यांनी धरलं होतं.

त्यांचे यजमान वजनमापे कार्यालयातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सारी इमारत त्यांना तराजूसाहेब म्हणे. त्यांना बायकोच्या मौनाचं भारी कौतुक. रोज सकाळी आरामखुर्चीत बसून ते पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत, आणि आपल्या संसाराला कशी शिस्त आहे हे भेटेल त्याला सांगत.

कॅमेरा लेकीने पाठवला होता. तिचा जुना, आणि त्याला पन्नास मिलिमीटरचं, म्हणजे नुसतं पन्नासचं, भिंग. हे भिंग पुढेमागे होत नाही. दूरचं ओढून जवळ आणत नाही की जवळचं ढकलून दूर नेत नाही. डोळ्याला साधारण जसं दिसतं, तसंच त्याला दिसतं. वहिनींना वाटलं ते बिघडलंय. मास्तरांनी ते हातात घेऊन असं पाहिलं, की जणू घरंदाज माणसाची ओळख करून दिली जातेय. ते म्हणाले, शिकायला यासारखं भिंग नाही. ते हलत नाही, तेव्हा आपण हलायचं. चौकटीत माणूस मोठा हवा असेल तर त्याच्याकडे चालत जायचं, दुसरा रस्ता नाही.

वहिनींना हे बोलणं एखाद्या उपदेशासारखं लागलं. त्यांनी तिथल्या तिथे तिसरा नेम केला: रोज एक फोटो, याच भिंगाने, आणि नंतर कापाकापी करायची नाही. हा नेम त्यांनी तापातही पाळला होता. त्या दिवशीचा फोटो पायांवरच्या पांघरुणाचा आहे आणि त्यातलं ऊन फार सुरेख आहे.

अडचण एवढीच होती, की चांगलं ऊन सकाळचं. दहानंतर ते डोक्यावर येतं आणि माणसांच्या डोळ्यांजागी काळ्या खोबणी दिसतात. आणि सकाळी वहिनींचं मौन. आता पन्नासच्या भिंगाला लागतो तितक्या जवळ जाऊन, तोंडातून एक शब्द न काढता, अनोळखी माणसाच्या नाकासमोर कॅमेरा धरायचा, म्हणजे तो विचारणारच, "काय पाहिजे?" त्यावर काय करणार? म्हणून वहिनी माणूस आपल्याला ओलांडून जाईपर्यंत वाट पाहत आणि मग काढत. कारण अगदी पटण्यासारखं होतं. वहिनींना तर ते फारच पटलेलं होतं.

पाठींची बातमी इमारतीत पसरल्यावर समोरच्या दारातले माहितगार धावून आले. माहितगारांना सगळ्यातलं थोडं आणि थोड्यातलं फार कळत असे. त्यांनी आधी सांगितलं की हातभर लांबीचं भिंग घ्या आणि खिडकीत बसून पलीकडच्या चौकातल्या माणसाच्या पापण्या टिपा. वहिनी म्हणाल्या, त्याला चोरून बघणं म्हणतात. माहितगारांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी दुसरा सल्ला काढला. हलायचंच आहे ना? मग पुढेच कशाला, मागे हला. लांबून सगळा रस्ता घ्या, येणाऱ्यांची तोंडं आपोआप येतील, कोणाला विचारायलाही नको.

हे वहिनींना आवडलं. त्यातलं न विचारणं विशेष आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजाररस्त्यावर उभ्या राहिल्या. समोरून माणसं येत होती, तोंडांसकट. डोळा कॅमेऱ्याला लावून त्या एक पाऊल मागे सरल्या. डावीकडचा दिव्याचा खांब आत आला, पण उजवीकडची कमान कापली गेली. आणखी मागे. कमान आली, पण तिच्या डोक्यावरचं कबुतर राहिलं. कबुतराशिवाय कमानीला अर्थ नव्हता. वहिनी सरत सरत गेल्या. एक पायरी पायाला आपोआप सापडली, ऊन सावलीत बदललं, चौकट काठोकाठ भरली, आणि त्याच क्षणी गुडघ्यांच्या मागे काहीतरी लागून त्या अलगद खाली बसल्या. गुबगुबीत खुर्ची होती. ती गर्रकन फिरली आणि समोरच्या आरशात वहिनींना स्वतःचा चेहरा दिसला, पुढून.

ते पुरुषांचं केस कापायचं दुकान होतं. न्हावी जुना आणि मन लावून काम करणारा होता. आलेल्या गिऱ्हाइकाला कशाला आलात असं विचारायची त्याला सवय नव्हती. त्याने पांढरं कापड झटकून वहिनींच्या गळ्याभोवती बांधलं आणि "बारीक की मध्यम?" एवढंच विचारलं. वहिनींनी जोरजोराने मान हलवली. न्हावी म्हणाला, मान स्थिर ठेवा. बाजूच्या खुर्चीवर अर्ध्या चेहऱ्याला साबण लावून वरच्या मजल्यावरचे आजोबा बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीसुद्धा?" आणि घरी जाऊन त्यांनी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. दुपारी माहितगार वहिनींकडे पाहून म्हणाले, की छोटे केस त्यांना शोभतीलही.

त्यानंतर वहिनी बाजाररस्त्याने जात नसत.

एवढ्यावर भागलं असतं. पण वर्षअखेरीला वर्गाचं प्रदर्शन भरणार होतं. वाचनालयाच्या खालच्या दालनात प्रत्येक विद्यार्थ्याला एक खिळा, एका खिळ्याला एक फोटो, आणि विषय "समोरासमोर". मास्तर एरवी मुंगीलाही न दुखवणारे, पण या बाबतीत ऐकेनात. वहिनींच्या खिळ्यावर चेहराच लागेल, नाहीतर खिळा रिकामा राहील आणि खाली नावाची चिठ्ठी राहील, असं त्यांनी सांगितलं. चिठ्ठी कशाला ठेवायची, असं वहिनींनी विचारलं. मास्तर म्हणाले, छापून झाल्यात.

इकडे तराजूसाहेबांनी सगळ्या इमारतीला प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. जुन्या कार्यालयातल्या लोकांनाही कळवलं होतं. त्यांची एक चुलत बहीण केवळ या कारणासाठी रात्रभर प्रवास करून येणार होती. वहिनींच्या डोळ्यांसमोर रोज तेच चित्र येई: सगळं गणगोत, माहितगार आणि न्हाव्याकडचे आजोबा एका रिकाम्या खिळ्यासमोर मान तिरकी करून उभे आहेत, आणि तराजूसाहेब त्यांना खिळा समजावून सांगताहेत.

शेवटची संधी म्हणजे वर्गाची सहल. पहाटे बस निघाली आणि खाडीकाठच्या एका धक्क्यावर पोचली. तिथून पैलतीराला होड्या जात. दुपारी परत, आणि परतताच फोटो मास्तरांच्या हवाली. तराजूसाहेब घरी राहिले, पाहुण्यांच्या खुर्च्या मोजायच्या होत्या.

धक्क्यावर उतरताच वहिनींना चौकट दिसली. तिकिटाची खिडकी. निळा रंग उडालेली लाकडी चौकट, तिच्या आत तिकीटवाल्याचा रुंद चेहरा, त्यावर बाजूच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा एक तिरका पट्टा. देवाने स्वतः मांडून ठेवावं तसं सगळं. फक्त जवळ जायला हवं होतं. आणि त्या खिडकीजवळ जायचा एकच सभ्य मार्ग होता, तो म्हणजे रांग. वहिनी रांगेत उभ्या राहिल्या. ही युक्ती आधी का सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. रांगेत माणूस पाठ न दाखवता जवळ येतो, तेही आपोआप.

नंबर आला. वहिनींनी कॅमेरा उचलला. तिकीटवाला म्हणाला, "कुठे?"

वहिनींनी कॅमेऱ्याकडे बोट केलं, त्याच्या चेहऱ्याकडे केलं, मग ओठांवर ठेवून मान हलवली. तिकीटवाल्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या रुंद चेहऱ्यावर अशी काही माया पसरली की तोच फोटो काढायला हवा होता. पण तोवर त्याने मान खाली घालून एक वेगळ्या रंगाचं तिकीट फाडलं, त्यावर शिक्का मारला, हात जोडले आणि पुढच्याला बोलावलं. मागच्या माणसांनी बाजूला सरत वहिनींना वाट करून दिली. कोणी कोपराला धरून पायऱ्या उतरवून दिल्या. कोणी आपली बसायची जागा दिली. होडी सुटल्यावर वहिनींनी तिकीट वाचलं. त्यावर छापलं होतं: मूकबधिर सवलत, मोफत.

पाण्यावर गार वारा होता, तरी वहिनींना घाम फुटला. त्यांनी तोंडाने एक शब्दही काढला नव्हता, तरी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलून झालं होतं. ते शिक्क्यासह हातात होतं.

पैलतीराला तपासनीस उभा होता. सवलतीच्या तिकिटासोबत दाखला लागतो, तो त्याने मागितला. वहिनींनी मान हलवली. तेव्हा तो वहिनींना अदबीने बंदर कार्यालयात घेऊन गेला. लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मध्ये मोठं टेबल, टेबलामागे अधिकारी. त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग, मोठ्याने बोललं की कोणालाही ऐकू येतं अशा समजुतीने, खिडक्यांची तावदानं थरथरतील अशा आवाजात सांगितलं की घाबरू नका. दाखला नसेल तर इथेच एक अर्ज भरून तात्पुरता देता येतो. त्यांनी कोपऱ्यात आवकजावक पाहणाऱ्या बाईंना हाक मारली. त्यांना म्हणे खुणांची भाषा येत होती.

आवकजावकच्या बाई उठून आल्या आणि वहिनींसमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचे हात हलू लागले. बोटं उघडत होती, मिटत होती, हवेत काहीतरी ठेवून परत उचलत होती. वहिनींना एक अक्षर कळलं नाही, पण असं सुंदर बोलणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी तपासनिसाला सांगितलं (कुजबुजत, कारण आता ऐकू जायला नको होतं), की बाईंचा धाकटा भाऊ ऐकू न येणारा. तो लांब नोकरीला गेल्यापासून या कार्यालयात त्यांच्या हातांना बोलायला कोणी नाही. बाईंचा चेहरा फुलला होता. त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी वाट पाहत राहिल्या. वहिनींनी, दुसरं काय करणार, मान हलवली. बाई आणखी खुलल्या.

बाईंच्या खांद्यामागे भिंतीवर घड्याळ होतं. वहिनींनी त्यात पाहिलं. दहा वाजायला वेळ होता.

आता सांगायचं तर मामला सरळ होता. तोंड मिटून बसावं तर खोटं, उघडावं तर मौन मोडलं. इतक्या वर्षांत दोन्ही नेम एका घरात गुण्यागोविंदाने नांदले होते, आणि आज एकमेकांच्या उरावर बसले होते. वहिनींनी डोळे मिटून देवाला विचारलं. देवाचंही दहापर्यंत मौन असावं. डोळे उघडले तर समोर बाईंचे हात तसेच हवेत थांबलेले, उत्तराची वाट पाहत.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "मला बोलता येतं. चांगलं येतं."

अधिकाऱ्यांच्या हातातला शिक्का टेबलावर पडला आणि वहिनींच्या अर्जावर तिरका उमटला. आवकजावकच्या बाईंनी हात हळूहळू मांडीवर ठेवले.

"मग मघाशी मान का हलवलीत?"

"लाजले."

"बोलायला?"

"विचारायला."

"काय विचारायला?"

वहिनींच्या घशात वर्षभराचं ते वाक्य होतं. रंगाऱ्याला विचारायचं, पेपरवाल्या म्हाताऱ्याला विचारायचं, मुलींना विचारायचं. ते बाहेर आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ते मौनामुळे अडलेलं नव्हतंच. मौन फार सज्जन निघालं, की त्याने एवढे दिवस दुसऱ्याचा आळ आपल्या अंगावर घेतला.

"तुमचा फोटो काढू का?"

अधिकाऱ्यांना फसवणुकीचं कोणतं कलम लावावं ते सुचत नव्हतं. अर्जात मूकबधिर "आहे" आणि "नाही" असे दोनच रकाने होते, "नव्हते पण झाले होते" असा तिसरा नव्हता. तपासनीस पूर्ण तिकीट घ्यावं म्हणत होता, पण दिलेली सवलत परत घ्यायची सोय नियमात नव्हती. या सगळ्या कोलाहलात बाई एकदम हसल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "पण पुढून. मागून केस विस्कटलेत."

वहिनी उठल्या. सवयीने एक पाऊल मागे सरकल्या, तर पाठीला लोखंडी कपाट लागलं. मागे जायला जागाच नव्हती. मग त्या पुढे गेल्या. अधिकारी मधल्या मध्ये कॉलर नीट करून फोटोसाठी सावरून बसले होते. वहिनी आणखी पुढे गेल्या आणि अधिकारी चौकटीबाहेर पडले. त्यांचं फक्त कोपर राहिलं. वहिनी बाईंच्या अगदी पुढ्यात थांबल्या. भाऊ काय म्हणतो ते दाखवा ना, असं म्हणाल्या. बाईंचे हात पुन्हा वर आले.

होडीने परतल्या तेव्हा अलीकडच्या धक्क्यावर सगळा वर्ग वहिनींना शोधत होता. कर्ण्यावरून एक बाई हरवल्याचं सांगितलं जात होतं. वर्णन कोणालाच नीट देता आलं नव्हतं, कारण त्या कायम सगळ्यांच्या मागे चालत. तिकिटाच्या खिडकीशी थांबून वहिनींनी तिकीटवाल्याला सगळं खरं सांगितलं. त्याने पुढच्याचं तिकीट फाडलं. त्याच्या चेहऱ्यावरची माया मात्र गेली, आणि तेवढी एक गोष्ट वहिनींना पुढे बरेच दिवस लागून राहिली.

प्रदर्शनात खिळा भरला. फोटोत हसणारा चेहरा होता, चेहऱ्यासमोर दोन हात होते, एक बोट हालचालीत पुसट झालेलं, आणि कडेला एक अनोळखी सरकारी कोपर. चुलत बहीण त्यासमोरून हलेना. आजोबांनी वहिनींचे केस वाढलेत की काय ते पाहून घेतलं. माहितगारांनी जमलेल्यांना सांगितलं, की आपण वहिनींना मागे सरायला सांगितलं होतं, आणि बघा, कपाटापर्यंत सरल्या म्हणूनच हे जमलं.

तराजूसाहेबांची नजर मात्र निरीक्षकाची. फोटोत बाईंच्या खांद्यामागे त्यांना घड्याळ सापडलं. बायकोने सगळी हकिकत सांगितली होती, वेळ सोडून. त्यांनी खिशातून वजनांवरचे आकडे वाचायचं गोल भिंग काढलं आणि फोटोला नाक लावलं. घड्याळाची जागा गोल आणि धूसर होती. काटे होते, पण दुधात विरघळल्यासारखे. त्यांनी मास्तरांना विचारलं, हे स्पष्ट करता येईल का.

मास्तर म्हणाले, "पन्नासच्या भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं की मागचं असंच धूसर होतं, साहेब. जे समोर आहे तेवढंच राहतं. लोक त्यासाठीच घेतात ते."

तराजूसाहेबांनी भिंग खाली केलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "दहा वाजले होते ना?"

वहिनींना सोयीचं उत्तर समोर टांगलेलं दिसत होतं, धूसर आणि गोल. पण दुसरा नेम अजून शाबूत होता.

"नव्हते. वेळ होता."

"किती?"

"पुरेसा."

मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त त्यांनी स्वतःच ठरवलं: मौन ठेवायचं, पण रोज सकाळी त्यातून एक वाक्य काढायचं, आणि ते अनोळखी माणसाला विचारायचं. आता बाजाररस्त्यावर त्यांना बरेच लोक ओळखतात. न्हावी तर दुकानाच्या पायरीवर येऊन, केस विंचरून उभा राहतो.

पहिल्या सकाळी मात्र बाहेर पाऊस होता आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. तराजूसाहेब मागच्या सज्जात पेपर धरून उभे होते. त्यांनी मान वर केली तर समोर कॅमेरा.

"फोटो काढू का?"

एवढ्या वर्षांत सकाळच्या वेळी या घरात वहिनींचा आवाज झाला नव्हता. तराजूसाहेब दचकले. ते म्हणाले, मी काही अनोळखी नाही. वहिनींचं आजचं वाक्य संपलं होतं. त्यांनी फक्त एक पाऊल पुढे टाकलं. तराजूसाहेब एक पाऊल मागे सरले. त्या आणखी पुढे आल्या, ते आणखी मागे. पेपर चुरगळला, चष्मा नाकावर घसरला, चेहरा चौकटीत मावेना इतका जवळ आला, आणि भिजत घातलेल्या कपड्यांच्या टबात तराजूसाहेब अलगद खाली बसले.

तो फोटो पुढून आहे.